नोट छापायची कोणी?

दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे बँकेच्या कॅश काउंटरवर जत्राच. साल १९८४. मला अधिकारी होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि बदलीने मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी येऊन पडलो होतो. बँकेचे आणि गावाचे नाव सांगत नाही. सांगून आता कोणाचे भले होणार नाही आणि वाईटही. तिथले हेड कॅशियर पन्नाशीचे होते. सगळी शाखा त्यांना अण्णा म्हणे, मॅनेजरसुद्धा. अण्णांची बोटे नोटांवरून फिरू लागली की पत्र्यावर पावसाची सर यावी तसा आवाज येई आणि शंभराव्या नोटेला तो नेमका थांबे.

त्या दिवशी एका आडत व्यापाऱ्याला हमालांना वाटायला शंभराच्या कोऱ्या नोटा हव्या होत्या. अण्णांनी तिजोरीतून एक पॅकेट काढले. पॅकेट म्हणजे शंभर नोटा. अशा दहा पॅकेटांचे एक बंडल. करन्सी चेस्टमधून आलेले, पट्टी शाबूत, पिन शाबूत. असे पॅकेट कोणी मोजत नाही. पहिल्या नोटेचा नंबर बघायचा, शेवटच्या नोटेचा बघायचा, की झाले. पण व्यापारी चोख. ‘अण्णा, तेवढं मोजून द्या,’ म्हणाला. अण्णा हसले, पिन उचकटली आणि मोजायला लागले. पावसाची सर नव्व्याण्णवला थांबली. पुन्हा मोजले. पुन्हा नव्व्याण्णव. मग त्यांनी नोटा पत्त्यांसारख्या ओळीने लावल्या आणि नंबर वाचत गेले. शेवटी ४६ असलेली नोट झाली की पुढची एकदम ४८.

अण्णांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून स्वतःची शंभराची नोट काढली, व्यापाऱ्याच्या नोटांवर ठेवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्या काळात शंभर रुपये ही काही सोडून द्यायची रक्कम नव्हती. शिवाय दिवाळी चार दिवसांवर होती.

मी तरुण होतो, नियमांवर माझा विश्वास होता. पट्टी, पिन, पहिल्या-शेवटच्या नोटेचे नंबर, हजर असलेल्यांच्या सह्या असे सगळे जोडून मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिले. दोन महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले. नव्या नोटांच्या पॅकेटात नोट कमी भरणे संभवत नाही. सबब तूट काउंटरवरील हाताळणीत आली असे समजण्यात यावे. अण्णांनी ते पत्र वाचले, घडी केली आणि मला म्हणाले, ‘साहेब, तुम्ही नवे आहात. नोट कधी चुकत नसते. मोजणारा चुकतो.’

ती नोट कुठे गेली हे आजतागायत कळलेले नाही. ती मुळात भरलीच गेली नसेल, वाटेत कुठे निघाली असेल किंवा आमच्याच तिजोरीपाशी कोणाचा हात चालला असेल. माझे दुखणे त्या नोटेचे नव्हतेच. ‘संभवत नाही’ या दोन शब्दांचे होते. पुढे तीस-पस्तीस वर्षे नोकरी केली, चार कादंबऱ्या लिहिल्या, पण हे दोन शब्द डोक्यातून गेले नाहीत. नोट खरी की खोटी हे आपण उजेडात धरून बघतो. वॉटरमार्क बघतो, तार बघतो, नखाने उठाव चाचपतो. पण ती करतो कोण? त्याला ती करायची परवानगी कोणी दिली, आणि त्याच्या हातून चूक होणे संभवते की नाही, हे कोण ठरवते? बँकेत उभी हयात घालवलेल्या आम्हा लोकांनाही हा प्रश्न कधी पडत नसे.

याचे सगळ्यात खुलासेवार उत्तर मला मिळाले ते परदेशात. मुलगी फ्रँकफुर्टला नोकरीला आहे. तिच्याकडे गेलो असता माइन नदीच्या काठी युरोपीय मध्यवर्ती बँकेची काचेची उंच जोड इमारत पाहिली. तिच्या पायथ्याशी एक लांबलचक जुनी इमारत आहे, ती पूर्वी शहराची घाऊक भाजी-फळांची मंडई होती. मंडईच्या जागी बँक हा मला फार समर्पक बदल वाटला. दोन्हीकडे धंदा विश्वासाचा आणि तराजूचा. तर या बँकेने युरोच्या नोटा आणि त्यांचे घटक बनवणाऱ्यांना मान्यता कशी द्यायची याचे नियम २०१३ साली एकत्र केले आणि २०२० साली ते नव्याने लिहून काढले. नियम सर्वांना वाचायला खुले आहेत. रिकामटेकड्या सासऱ्याला जावई संगणक लावून देतो, तसा तो लावून मी ते वाचत बसलो.

भाषा वकिली, पण आतला माणूस ओळखीचा वाटला. तो अण्णांच्या जातीचा आहे. कोणाच्या तोंडाकडे बघून तो विश्वास ठेवत नाही.

युरोची गोष्ट अशी की तो वीसेक देशांत चालतो, पण एका ठिकाणी छापला जात नाही. दरवर्षी वेगवेगळ्या देशांच्या मध्यवर्ती बँका छपाईचा आपापला वाटा उचलतात. कोणाचा छापखाना स्वतःचा, कोणी खासगी कारखान्याकडून काम करून घेते. कागद एका देशातून, शाई दुसऱ्यातून, चमकती पट्टी तिसऱ्यातून. म्हणून नियम सुरू होतात ते ‘सुरक्षेची वस्तू’ म्हणजे काय इथून. जी हरवली, चोरीला गेली किंवा बाहेर फुटली तर नोटेवरचा विश्वास ढळेल, ती सुरक्षेची वस्तू. तयार नोट तर झालीच, पण अर्धवट छापलेला तावही, कोरा कागदही, त्यात विणायचा धागाही आणि खास शाईही. आणि या वस्तूंशी निगडित ‘काम’ म्हणजे नुसती छपाई धरलेली नाही. आराखडा करणे, तपासणे, साठवणे, कारखान्यातल्या कारखान्यात एका खोलीतून दुसरीत नेणे, वाहतूक आणि खराब माल नष्ट करणे, हे सगळे त्यात येते.

मान्यता कंपनीला सरसकट मिळत नाही. अमुक जागेवरच्या, अमुक कारखान्यात, अमुक वस्तूचे, अमुक काम, एवढ्यापुरती मिळते. कागद करायला मान्यता आहे म्हणून धागा करता येत नाही. एका गावच्या कारखान्याला आहे म्हणून त्याच मालकाच्या दुसऱ्या गावच्या कारखान्यात यंत्र हलवता येत नाही. मालक बदलणार असेल, कामाचा काही भाग बाहेर द्यायचा असेल, तर ते बँकेला कळवायचे. मान्यताप्राप्ताने आपली वस्तू द्यायची तीही मान्यताप्राप्तालाच किंवा मध्यवर्ती बँकेला. तपासणीला माणसे कारखान्यात येतात. चूक सापडली तर आधी ताकीद, मग नव्या कामावर बंदी, शेवटी मान्यता रद्द. आणि मोजणीत फरक पडला तर दंडाची तरतूद वेगळी. मान्यता मिळाली म्हणून काम मिळेलच असे आश्वासनही नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी करतानाही आपल्याकडे इतकी चौकशी होत नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट निराळीच. हे नियम खासगी कारखान्यांना जेवढे लागू, तेवढेच मध्यवर्ती बँकांच्या स्वतःच्या छापखान्यांनाही लागू. घरचा आहे म्हणून त्याला मोजणी माफ नाही.

मुलीच्या पर्समधली पाच युरोची नोट तिने मला दाखवली. २००२ साली युरोच्या नोटा आल्या तेव्हा नंबराच्या सुरुवातीचे अक्षर देशाच्या बँकेचे असे. २०१३ पासून जी नवी मालिका आली तिच्या नंबरात दोन अक्षरे असतात आणि पहिले अक्षर छापखान्याचे असते. कुठल्या छापखान्यातून नोट निघाली हे नोटच सांगते. मला अण्णांचा तो सत्तेचाळीस नंबर आठवला.

इतका संशय कशासाठी, असे कोणी विचारील. खोट्या नोटा करणारे तर चोर असतात, ते कुठे मान्यता मागायला येतात? यावर उत्तर म्हणून शंभर वर्षांपूर्वीची लिस्बनची हकीगत सांगितली पाहिजे. बँकिंगच्या इतिहासात तिच्याइतकी चमत्कारिक गोष्ट मला दुसरी माहीत नाही. कादंबरीत घातली असती तर संपादकाने ‘हे पटत नाही’ म्हणून काढायला लावली असती.

आर्तुर आल्व्हेस रेइस हा तिशीही न गाठलेला पोर्तुगीज तरुण. ऑक्सफर्डची एक अभियांत्रिकी पदवी स्वतःच तयार करून तो अंगोलाला गेला आणि तिथे चांगला वरही चढला. पुढे एका आर्थिक भानगडीत १९२४ साली त्याला पोर्तो शहरातल्या तुरुंगात काही आठवडे काढावे लागले. तिथे बसून त्याने देशाच्या नोटांची व्यवस्था अभ्यासली. त्याला तीन गोष्टी दिसल्या. बँक ऑफ पोर्तुगाल आपल्या नोटा परदेशात छापून घेते. एकाच नंबराच्या दोन नोटा चलनात आहेत का, हे बँक पाहत नाही. आणि छापणाऱ्याला काय हवे असते? एक कागद, त्यावर योग्य माणसांच्या सह्या आणि वर मोहोर.

असा कागद त्याने केला. बँक ऑफ पोर्तुगालच्या वतीने, अंगोलाच्या मदतीसाठी गुपचूप नोटा काढायचा करार. त्याचे साथीदार तिघे: मारांग नावाचा डच व्यापारी, हेनीस नावाचा जर्मन आणि बांदेइरा नावाचा पोर्तुगीज, ज्याचा भाऊ हेगला पोर्तुगालचा वकील होता. मारांग आधी हॉलंडमधल्या हार्लेमच्या एन्स्खेडे या जुन्या छापखान्याकडे गेला. त्यांनी सांगितले, वास्को द गामाचे चित्र असलेली ती पाचशे एस्कुदोंची नोट आमची नाही, ती लंडनचे वॉटर्लो अँड सन्स छापतात. आणि वर ओळखपत्रही दिले. नावाजलेल्या एका घराची ओळख घेऊन माणूस नावाजलेल्या दुसऱ्या घरी गेला. इथे निम्मे काम झाले.

वॉटर्लोचे प्रमुख सर विल्यम वॉटर्लो. पुढे १९२९-३० साली ते लंडनचे लॉर्ड मेयर झाले, म्हणजे माणूस किती वजनाचा ते लक्षात यावे. त्यांना सांगण्यात आले की मामला नाजूक आहे, बँकेतल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे, पत्रव्यवहार आमच्यामार्फतच करा. या नोटांवर पुढे ‘अंगोला’ असा शिक्का मारला जाईल, म्हणून जुनेच नंबर पुन्हा आले तरी चालतील. लिस्बनमधल्या त्यांच्या प्रतिनिधीने शंका काढली होती. आणखी एक गोष्ट खटकायला हवी होती. पोर्तुगीज वसाहतींच्या नोटा काढण्याचा अधिकार बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या वेगळ्या बँकेकडे होता. आपल्या गोव्यात चालणाऱ्या ‘रुपिया’च्या नोटांवर तिचेच नाव असे. मग अंगोलाच्या नोटा बँक ऑफ पोर्तुगाल का काढील? पण गिऱ्हाईक मोठे होते, कागदावर मोहोर होती, आणि लंडनमधल्या नोट छापणाऱ्यांत चुरसही मोठी होती. खुद्द छापखान्याने आपल्याच गिऱ्हाइकाच्या दाराशी जाऊन ‘हे काम तुम्हीच सांगितले ना?’ असे विचारून खात्री करून घेतली नाही.

१९२५ च्या फेब्रुवारीपासून नोटा बाहेर पडू लागल्या. पहिल्या खेपेला दोन लाख, मग आणखी तीन लाख ऐंशी हजार. राजनैतिक कागदपत्रांच्या आडोशाने पेट्या भरभरून त्या पोर्तुगालात आल्या. रेइसने स्वतःची बँक काढली, तिचे नाव अंगोला व मेट्रोपोल बँक. पैसा खेळू लागला. पुढचा बेत तर असा की बँक ऑफ पोर्तुगालचे शेअर विकत घेऊन तीच ताब्यात घ्यायची. म्हणजे तक्रार करणाराच खिशात.

मध्यंतरी पाचशेच्या खोट्या नोटा फिरताहेत अशी कुजबुज उठली. बँक ऑफ पोर्तुगालच्या तज्ज्ञांनी नोटा उजेडात धरल्या, चाचपल्या आणि जाहीर केले की नोटा अस्सल आहेत. त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. तोच छापखाना, तोच कागद, त्याच प्लेटा. त्या नोटेत खोटे असे काहीच नव्हते. खोटी होती ती फक्त परवानगी.

‘ओ सेक्युलो’ या वृत्तपत्राने रेइसच्या बँकेकडे एवढा पैसा आला कुठून, असा धोशा लावला. डिसेंबर १९२५ मध्ये पोर्तोच्या शाखेत नोटांचे नंबर एकमेकांशी ताडून पाहिले तेव्हा एकाच नंबराच्या जोड्या निघाल्या. रेइस अंगोलाहून परतत होता, त्याला बोटीवरच पकडले. आता बँकेपुढे पेच. खरी कुठली आणि दुसरी कुठली, हे लोकांना सांगणार कसे? शेवटी पाचशेच्या त्या सगळ्याच नोटा मागे घेतल्या आणि खऱ्या-खोट्याचा भेद न करता बदलून दिल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात पोर्तुगालात लष्कराने सत्ता घेतली. त्याला कारणे पुष्कळ होती, पण या प्रकरणाने सरकारची उरलीसुरली पत घालवली होती हे इतिहासकार सांगतात.

बँकेने वॉटर्लोवर लंडनमध्ये दावा लावला. वॉटर्लोचा युक्तिवाद मोठा रंजक होता. तुमचे नुकसान काय झाले? मागे घेतलेल्या नोटांच्या जागी दुसरे कागद छापावे लागले, तेवढा छपाईचा खर्च. नोट म्हणजे शेवटी तुमचेच वचन, ते तुम्ही हवे तितके छापू शकता. प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १९३२ साली तीन विरुद्ध दोन अशा मताने निकाल लागला की बँकेने कागद दिला नाही, पत दिली; भरपाई दर्शनी किमतीने करा. सहा लाख दहा हजार पौंडांच्या वर रक्कम वॉटर्लोला भरावी लागली. सर विल्यम तो निकाल ऐकायला नव्हते, आदल्या वर्षीच ते वारले. रेइस १९४५ पर्यंत तुरुंगात होता. वॉटर्लोचा नोटछपाईचा धंदा १९६१ मध्ये दे ला रू या लंडनच्याच कंपनीकडे गेला.

फ्रँकफुर्टचे नियम वाचताना लिस्बन ठायीठायी दिसते. मान्यताप्राप्ताने मान्यताप्राप्तालाच माल द्यावा, अमुक जागा, अमुक काम, बदल कळवा, मोजा, पुन्हा मोजा.

गंमत पाहा. १९२५ साली लंडनहून पोर्तुगालला त्या नोटांच्या पेट्या जात होत्या, त्याच साली आपल्या नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेसचे काम सुरू झाले. १८६१ च्या कायद्याने सरकारने नोटा काढायला सुरुवात केली तेव्हापासून हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडमध्ये, बँक ऑफ इंग्लंडच्या छापखान्यात छापल्या जात. ते काम इथेच व्हावे असे ठरले, तेव्हा मुंबई टांकसाळीचे प्रमुख कर्नल विलिस आणि छपाई-स्टेशनरीचे नियंत्रक ॲस्कोली यांनी पाहणी करून नाशिक सुचवले; कोरडी हवा आणि रेल्वेची सोय. १९२८ मध्ये तिथे पाच रुपयांची नोट छापून झाली. लिस्बनचा आणि नाशिकचा एकमेकांशी संबंध नाही, पण ज्याची नोट त्याच्याच देशात छापली जावी यातला शहाणपणा त्या साली जगाला चांगलाच कळला असेल.

माझ्या मामेबहिणीचे सासर नाशिकरोडचे. तिचे सासरे प्रेसमध्ये होते. प्रेसमधले ते घरी कधी बोलत नसत, पण सवय जात नसे. वाण्याकडून आलेली काडेपेटीसुद्धा उघडून काड्या मोजत, असे ती थट्टेने सांगे.

आपल्याकडे ‘छापायचे कोणी’ याचे उत्तर त्यानंतर मालकीने दिले गेले. नाशिक आणि देवासचे छापखाने सरकारचे. २००६ पासून ते एका सरकारी महामंडळाखाली आहेत. म्हैसूर आणि सालबोनीचे रिझर्व्ह बँकेच्या कंपनीचे. ती १९९५ ची. चार छापखाने, चारही घरचे. पण नोट नुसत्या छापखान्यात होत नाही. कागद १९६८ साली होशंगाबादची, म्हणजे आताच्या नर्मदापुरमची, गिरणी निघेपर्यंत बाहेरून येई, आणि नंतरही गरजेपुरता बराचसा बाहेरूनच येत राहिला. नव्वदच्या दशकात तर नोटांची अशी टंचाई झाली की काउंटरवर आम्ही चिकटपट्टी लावलेल्या, कोपरे उडालेल्या, भाजीवाल्यानेही नाकारलेल्या नोटा परत देत होतो आणि शिव्या खात होतो. तेव्हा १९९७ मध्ये सरकारने शंभराच्या आणि पाचशेच्या मिळून तीनशे साठ कोटी नोटा अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या तीन कंपन्यांकडून छापून घ्यायचे ठरवले. दर्शनी किंमत एक लाख कोटी रुपये. टंचाई हटली, आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पुढे संसदीय समितीने या निर्णयाबद्दल तीव्र नापसंती नोंदवली. प्लेटा, कागद, नंबर सगळे परक्या भिंतींच्या आत गेले होते. काही वाईट घडले असे मी म्हणत नाही. पण मोजायला आपला अण्णा तिथे उभा होता का, हा प्रश्न तर विचारायला हवा होता.

परकी भिंत म्हणजे काय असते याची झलक २०१० मध्ये मिळाली. वर ज्या दे ला रूचे नाव आले, त्या कंपनीने स्वतःच जाहीर केले की आपल्या काही कर्मचाऱ्यांनी नोटांच्या कागदाच्या चाचण्यांची प्रमाणपत्रे जाणूनबुजून चुकीची भरली होती. मुख्याधिकाऱ्याने राजीनामा दिला. कागद कोणाचा, हे कंपनीने सांगितले नाही. वृत्तपत्रांत भारताचे नाव आले. नोटेच्या सुरक्षिततेला धक्का नाही असा कंपनीचा खुलासा होता, आणि तो खराही असेल. पण प्रमाणपत्र ज्याने भरले तोच माल विकणारा होता. त्याच वर्षी म्हैसूरला कागदगिरणीसाठी नवी कंपनी स्थापन झाली आणि २०१५ मध्ये होशंगाबादलाही नवी यंत्रणा सुरू झाली. हे उशिरा का होईना, चांगले झाले.

तरी घरचे म्हणजे निर्धास्त, हा समज मला घातक वाटतो. तेलगीचे प्रकरण महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. २००१ साली अब्दुल करीम तेलगीला अजमेरला अटक झाली, आणि तपासातून काय पुढे आले? नाशिकच्या प्रेसमधून भंगार म्हणून लिलावात गेलेली यंत्रे स्टँप पेपर छापायला वापरली गेली होती. चालू यंत्रावर डझनभर पहारेकरी आणि मेलेल्या यंत्राला वाली नाही. फ्रँकफुर्टच्या नियमांत ‘नष्ट करणे’ हेही काम धरले आहे, त्याचा अर्थ इथे कळतो.

जानेवारी २०१८ मध्ये देवासच्या छापखान्यात सुरक्षा दलाच्या जवानांनी एका अधिकाऱ्याला पकडले. बुटांत नोटा. त्याच्या घरातून आणि कचेरीतून मिळून नव्वद लाखांच्या आसपास निघाल्या. त्या नोटा छपाईत नापास झालेल्या होत्या आणि नापास माल बघण्याचे कामच त्याच्याकडे होते. चोख नोटेवर सगळ्यांचे डोळे असतात. चोर नेहमी खराब मालाच्या दाराने येतो.

आणि २०२१ मध्ये नाशिकच्या करन्सी नोट प्रेसमध्ये पाचशेच्या नोटांची दहा पॅकेटे, म्हणजे पाच लाख रुपये, हिशेबात लागेनात. गुन्हा नोंदला गेला, वर्तमानपत्रांत चोरीच्या बातम्या झळकल्या. पोलिसांच्या चौकशीत निघाले ते असे की चोरी झालीच नव्हती. नोटा चुकून रद्दीच्या मालाबरोबर नष्ट झाल्या होत्या, आणि ज्यांच्या हातून ते झाले त्यांनी भीतीने तोंड उघडले नव्हते.

ही बातमी मी दोनदा वाचली. म्हणजे संभवते! छापखान्याच्या आत, पहाऱ्यात, कॅमेऱ्यांखाली नोट कमी पडणे संभवते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, माणसे काम करतात तिथे चुका होतात. चूक होऊ शकते असे धरून जो नियम करतो तो ती कुठे झाली हे शोधू शकतो. होऊच शकत नाही असे धरून चालणारा शेवटच्या काउंटरवरच्या माणसाला पकडतो. सावंतवाडीची शाखा असो की सालबोनीचा छापखाना, भीतीने गप्प बसणारा माणूस दोन्हीकडे एकच असतो.

एक बदल मात्र मी नोकरीत असतानाच पाहिला, तो सांगतो. पूर्वी छपाईत एखादी नोट खराब निघाली की त्याच नंबराची दुसरी छापून पॅकेटात घालत. काम किचकट. २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत चांदणीची पद्धत आणली. खराब नोटेच्या जागी नंबरात चांदणी असलेली नोट घालायची. नोटा शंभरच भरतात, फक्त नंबर ओळीने येत नाहीत, आणि पॅकेटात अशी नोट आहे हे पट्टीवर छापलेले असते. पुढे २०१६ पासून पाचशेच्या नोटेलाही हे लागू झाले.

पुतणीच्या लग्नासाठी मी दहाच्या कोऱ्या नोटांचे पॅकेट घेतले, त्यात चांदणी निघाली. लग्न औरंगाबादला होते, आताचे छत्रपती संभाजीनगर. अण्णा निवृत्तीनंतर तिथेच मुलाकडे राहत होते. सत्तरी ओलांडलेली, डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. मी पॅकेट त्यांच्या हातात दिले. त्यांनी पट्टी वाचली, चष्मा बदलून पुन्हा वाचली.

‘म्हणजे छापखान्यात नोट खराब निघू शकते, असं आता लिहून देतात तर,’ ते म्हणाले.

मग उठून आत गेले आणि रेक्झिनच्या वेष्टणाची एक जुनी डायरी घेऊन आले. १९८४ ची. ऑक्टोबरच्या एका पानावर निळ्या शाईत एक नंबर लिहिला होता, इंग्रजी अक्षरांसकट, शेवटी ४७. बाजूला काही नाही, रक्कम नाही, टीप नाही. इतकी वर्षे हातात येणारी शंभराची प्रत्येक नोट आपण या नंबराशी ताडून बघत आलो, असे ते म्हणाले. हसत म्हणाले, पण खरे होते.

मी काही बोललो नाही. त्यांनी माझ्या पॅकेटाची पट्टी अलगद सरकवली, अंगठा ओलसर केला आणि मोजायला लागले. हात थरथरत होता, तरी सर पूर्वीसारखीच आली.

‘शंभर,’ म्हणाले आणि पट्टी परत चढवून पॅकेट माझ्याकडे सरकवले. ‘चहा घेणार ना साहेब?’